हरिदासचा गावाकडचा खून

हरिदास दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचा, ऑफिसात फायली सरकवायचा आणि दर दिवाळी अंकात एक खून पाडायचा. सगळे खून शहरातले: अंधारे जिने, हॉटेलच्या खोल्या, टॅक्स्या. स्वतः मात्र असा भित्रा, की झुरळ दिसलं तरी बायकोला, वृंदाला, हाक मारायचा. यंदा संपादकांनी बजावलं, "शहर पुरे. खेड्यातला खून लिहा." हरिदासला वाटलं, खेड्यात भिण्यासारखं असतं काय?

एका रविवारी तो गुडगावच्या पलीकडच्या गावात गेला. बिल्डर तिथल्या जमिनी घेत सुटले होते. बाजरीच्या शेताला लागूनच टॉवरचे खांब उभे होते. पिंपळाखाली चार-पाच म्हातारे हुक्का ओढत बसले होते. त्यांनी नाव-गाव विचारलं. आपला भोळा सांब क्वार्टरच्या नंबरासकट सगळं सांगून बसला. मग डोळे मिचकावत त्यातल्या सगळ्यात थोरल्याला म्हणाला, "ताऊजी, कहानी लिख रहा हूँ. यहाँ किसी को मारकर छुपाना हो, तो कहाँ छुपाएँगे?"

हुक्क्याची गुडगुड थांबली. क्षणभर सगळ्यांची नजर एकाच जागी गेली: शेताच्या कडेला नुकतीच मातीनं बुजवलेली विहीर. मग सगळ्यांनी हरिदासकडे पाहिलं.

बसची वेळ झाली म्हणत तो उठला. शहरातल्या खुनात खुनी कोण ते कुणालाच ठाऊक नसतं. इथं साऱ्या गावाला ठाऊक होतं, आणि याला काहीतरी कळलंय हेही आता गावाला ठाऊक झालं होतं.

"मेहमान बस से क्यों जाएगा?" ताऊ शांतपणे म्हणाले. त्यांच्या पुतण्यानं जीप काढली. दिल्लीत शिरताना धौला कुआँच्या सिग्नलला शेजारीच पोलीस उभा होता. हरिदासनं त्याला बोलवायला हात वर केला आणि त्याच हातानं केस सारखे केले. सांगणार तरी काय? म्हाताऱ्यांनी विहिरीकडे पाहिलं म्हणून?

दारात वृंदा म्हणाली, "अहो, त्यांना आत तरी बोलवा!" पुतण्यानं पोहे मागून मागून खाल्ले, लेकीची, अबोलीची, शाळा कुठली ते विचारलं. वृंदानं शाळा सांगितली, बस कुठं थांबते तेही सांगितलं.

जीप गेल्यावर त्यानं दोन्ही कड्या लावल्या.

"किती साधी माणसं हो!" वृंदा बशा उचलत म्हणाली. "पुढच्या रविवारी जीप पाठवताहेत, आपल्या तिघांना जेवायला. अबोलीनं शेत कधी पाहिलंय? मी म्हटलं, बिल्कुल येऊ."