जिन्याखालचा कॉक

हे मी आईला सांगितलं नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायलाच हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही — बहुतेक एवढ्यासाठीच.

मालवणात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या आत, माडांमध्ये एक घर आहे. शालूकाकींचं. त्या घरात मी कित्येक वर्षं भाड्याने राहते. मूळची मी गडहिंग्लजची, म्हणजे इथल्या भाषेत घाटावरची. एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, तपासते. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. काकींचा मुलगा मस्कतला, नवरा कधीच गेलेला. खाली अर्ध्या घरात त्या, अर्ध्यात मी. दोन एकट्या बायका — तुम्हाला वाटेल, जमलंच असेल गूळपीठ.

तसं नव्हतं. काकी माझ्याशी फार चांगल्या वागायच्या. सुरमई आणली की तिखल्याची वाटी वर झाकण घालून दारात यायची. पण दारातच. आणि बोलायच्या कशा? "जेवलात का तुम्ही?" तहसीलदार कचेरीत बोलतात तसं, शुद्ध मराठीत. मी बांगडा साफ करायला शिकले, सोलकढी करायला शिकले, मालवणी सगळी कळायला लागली, तरी मी "तुम्ही"च राहिले. हसू नका. माणसाला एखाद्या शब्दाची भूक लागते, तुम्हाला नाही माहीत?

मग वरची खोली. पर्यटक येतील म्हणून काकींनी घरावर एक खोली चढवली होती — चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे. परवानगी घेतली नव्हती. कागदोपत्री आमचं घर आजही बैठंच आहे. त्यामुळे वर वेगळा मीटर नाही, नळजोडणी नाही, आणि राहणाऱ्याला करारनामाही नाही. वीज काकींच्या मीटरवरून, पाणी विहिरीचं. सकाळी काकी पंप लावायच्या. पाणी खालच्या टाकीत पडायचं आणि दुसऱ्या पाइपाने वर, पत्र्यावरच्या पिंपात चढायचं. त्या दुसऱ्या पाइपाचा कॉक जिन्याखाली आहे. माझ्या दाराला लागून, माझ्या बादल्या आणि झाडूच्या मागे.

पर्यटक काही फारसे आले नाहीत. आली दीपाली. इकडच्याच आरोंद्याची मुलगी, नवरा ट्रॉलरवर, दिवसेंदिवस समुद्रात. ती बंदरावर होडीची तिकिटं फाडायची. पहिल्याच दिवशी काकींनी तिला जिन्यातून हाक मारली, "जेवलंस काय गो?"

गो. पहिल्याच दिवशी.

मी दारात उभी होते. हातात कुलूप होतं, ते तसंच धरून राहिले. मग रोजचंच झालं. दीपाली काकींच्या चुलीपाशी पाटावर बसून जेवायची. माझी वाटी अजून दारात. काकी तिच्या केसांना खोबरेल चोळायच्या, आणि भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐकू यायचं — इतक्या वर्षांत काकी अशा हसतात हे मला ठाऊकच नव्हतं. मला तिचा राग आला असं म्हटलं तर ते सभ्यपणाचं होईल. माझा जळफळाट होत होता. लॅबमध्ये सुई टोचताना, भाजी घेताना, झोपताना. तिच्या पैंजणांच्या आवाजाने माझं डोकं उठायचं.

तिला दिवस गेले तेव्हा तर काकींचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. जुन्या लुगड्याचं दुपटं शिवायला घेतलं.

आणि त्याच वर्षी देवदिवाळीनंतर राखणदाराला नारळ ठेवायचा दिवस आला. तुमच्याकडे ही पद्धत नसेल. इथे प्रत्येक जागेला राखणदार असतो, तिची राखण करणारा. वर्षातून एकदा विहिरीपाशी त्याला नारळ ठेवतात आणि घरातला मोठा माणूस गाऱ्हाणं घालतो — घरातल्या एकेकाचं नाव घेऊन, ह्याला सांभाळ, तिला सांभाळ. बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमच्याकडे शेजारचे आबा गाऱ्हाणं घालायचे आणि काकी त्यांच्या कानाशी नावं सांगायच्या. मी दरवर्षी मागे उभी राहून "व्हय म्हाराजा" म्हणत आले होते. मस्कतच्या मुलाचं नाव यायचं, सुनेचं, नातवाचं. माझं नाही. भाडेकरूचं कशाला येईल? मी स्वतःला तेच समजावायचे.

त्या वर्षी आबांनी दीपालीचं नाव घेतलं. तिचं आणि पोटातल्या बाळाचं.

मी "व्हय म्हाराजा" म्हटलं नाही. प्रसादाचं खोबरं घेतलं आणि खोलीत येऊन कचऱ्याच्या डब्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पंपाचा आवाज सुरू झाला, आणि मी वाकून कॉक बंद केला.

फक्त एकदा, असं वाटलं होतं का मला? आता आठवत नाही. आठवत नाही असं म्हणणंही सोयीचंच आहे. पंप सुरू झाला की बंद करायचा, पंप थांबला की उघडायचा, त्यावर बादली सरकवायची — हाताला सवय लागली. मधूनच एखाद्या दिवशी जाऊ द्यायचे पाणी, म्हणजे कुणाला धड संशय यायला नको. वरचं पिंप कोरडं पडायचं. दीपाली विहिरीवरून कळशी भरून जिना चढायची. माझ्या दारावरून.

आणि आता ते, ज्यासाठी इतका वेळ घोळ घालतेय. तिचं रक्त मीच तपासत होते. रक्त फार कमी होतं तिचं. रिपोर्ट तिच्या हातात देताना मीच तिला बजावलं होतं — गोळ्या चुकवू नकोस, जड उचलू नकोस. तिने मान डोलावली. मला ताई म्हणायची ती. त्या दिवशीही सकाळी पंप चालू असताना मी कॉक बंद केला होता, आणि मगच कामावर गेले होते.

काकींना आधी वाटलं, पाइपात हवा अडकली असेल. प्लंबर आला दुपारी. पंप लावला, कॉक अर्थातच उघडा. पाणी वर चढलं. तो म्हणाला, वरची बाई पाणी वाया घालवत असणार. काकींनी मला विचारलं, तुमच्याकडे पाणी नीट येतंय ना? येतंय की, म्हटलं. आणि कुणी न विचारता पुढे म्हटलं — वर दुपारभर नळ वाहत असतो, आवाज येतो मला.

दुपारी मी लॅबमध्ये असते. काकींच्या हे लक्षात आलं नाही. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, बघा.

मग धुसफुस वाढत गेली. काकी तिला पाण्यावरून बोलायला लागल्या. तिला वाटलं, काकींना खोली पर्यटकांसाठी मोकळी करून हवी आहे, म्हणून पाणी तोडलं. पाटावरचं जेवण थांबलं. मला काय वाटलं म्हणता? बरं वाटलं. खरंच, फार बरं वाटलं.

शेवटच्या भांडणाला मी दारात होते. दीपाली अंगणात रिकामी कळशी घेऊन उभी, घामाघूम. म्हणाली, "काकी, मी खोटा बोलूक नाय. पाणी येणाच नाय. आता नगरपरिषदेतच जावन सांगतंय, तुमची ही खोलीच खोटी आसा म्हणान."

रागाने म्हणाली ती. गेली नसती कधी. पण काकींचा चेहरा पांढराफटक पडला. वरची खोली पाडली तर खालच्या भिंती तरी उभ्या राहतील का, हीच भीती त्यांना कायम असायची. त्या हळूच म्हणाल्या, "तुका मी लेकीसारख्या बघलंय गो." आणि मग, "जा तू. खोली माका व्हयी आसा."

करारनामा नव्हता, मुदत नव्हती, भांडायला हातात काही नव्हतं. नवरा समुद्रात. तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला. सातवा महिना होता. सामान उतरवताना मी तिची शिलाई मशीन एका बाजूने धरली. ती म्हणाली, "ताई, तुमीच तेवढी माझी विचारपूस केलात." मी मशीन नीट ठेव म्हणाले.

चार-आठ दिवसांनी कामावरून परतले तर काकी ओसरीवर बसलेल्या. म्हणाल्या, "जेवलंस काय गो?"

मला. झाकण घातलेली वाटी या वेळी दारात आली नाही. मी त्यांच्या चुलीपाशी पाटावर बसले.

पुढच्या नारळाला आबांनी गाऱ्हाणं घातलं. काकी त्यांच्या कानाशी लागल्या. आबा म्हणाले, "ही सुजाता. घाटावरसून इली, पण आता ह्याच घराची. तिका सांभाळ. आणि ह्या घरच्या पाण्यावर जेणा कोणी वाकडा केल्यान, तेका तू बघून घे रे म्हाराजा."

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणाले. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

संध्याकाळी काकी कपाट आवरत होत्या. ते दुपटं निघालं. दीपालीला मुलगी झाली, दोघी ठीक आहेत, एवढं बाजारात कुणाकडून तरी त्यांच्या कानावर आलं होतं; तिने स्वतः कळवलं नव्हतं. काकींनी दुपट्यावरून हात फिरवला. मग मला विचारलं, "सुजाता, तिचा सांगणा खरा आसला तर गो? मी चुकलंय काय?"

दार उघडं होतं. जिना समोर दिसत होता. तेवढंच करायचं होतं — हात धरून न्यायचं, बादली बाजूला करायची, दाखवायचं.

मी म्हणाले, "नाही काकी. तुम्ही नाही चुकलात."

त्यांनी दुपटं घडी घालून परत आत ठेवलं. "चल, जेवया," म्हणाल्या. बांगड्याचं तिखलं होतं. मी दोनदा भात घेतला.