सैतानाची बढती

पापडी गावच्या सणाच्या नाटकात सैतानाचं काम करणारा पन्नाशीला पोचला की त्याला देव करत. गावाच्या मते ही बढती होती. व्हॅलेरियनला ती १९५२ साली मिळाली आणि त्याच्या तोंडची चवच गेली.

बंडखोर देवदूतांचा पुढारी म्हणून तो स्वर्गातून कोलांटी मारत खाली यायचा, तेव्हा केळीची शिंपणं सोडून शेजारपाड्यातले हिंदू बागायतदारही बघायला यायचे. आता सैतानाची ती शेपटी तरण्या आलोशियसला लागली होती. बांधलीयसुद्धा वाकडी, असं व्हॅलेरियनचं मत होतं.

संध्याकाळी पडदा उघडला. आलोशियस नुसता खाकरला तरी लोक हसत होते. वर खुर्चीत पांढरी दाढी लावून बसलेल्या देवाकडे कुणी बघेना.

"मी नाही कुणापुढं गुडघे टेकणार!" आलोशियस गरजला आणि त्यानं शेपटी खांद्यावर टाकली. लकब व्हॅलेरियनची, हशा आलोशियसला.

आता देवानं "चालता हो" म्हणायचं, मग सैतानानं बागेत जाऊन एवाला फळ खायला लावायचं. व्हॅलेरियनच्या एकाएकी ध्यानात आलं, याला हाकललं तर उरलेलं सगळं नाटक याचंच.

"जा, माफ केलं तुला," तो म्हणाला. "ये, बस इथं बाजूला."

"दादा, असं नाहीये!" आलोशियस कुजबुजला.

"देवाला शिकवतोस? बस."

सैतान बसला. खाली बागेत, झोपलेल्या आदामाशेजारी, केळीजवळ एवा ताटकळत उभी होती. एवा म्हणजे मार्था, व्हॅलेरियनची बायको. तिनं वर नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि तिला सगळं उमगलं.

"म्हणजे मला फसवायलाही कुणी येणार नाही?" ती लोकांकडे वळली. "वर या दोघांचं जमलं. हा आदाम तर लग्नापासून घोरतोय. यांच्या भरवशावर राहिले तर माणूसजात सुरूच व्हायची नाही, गो बायांनो!" आणि घडातलं पिकलं राजेळी केळं तोडून, सोलून, तिनं उभ्याउभ्या खाल्लं.

पटांगण असं हसलं की फादरना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. व्हॅलेरियनला आपलं वाक्य म्हणणं भागच होतं.

"चालती हो!"

ती मंचावरून उतरली ती थेट बायकांच्या घोळक्यात. टाळ्या तिच्या मागोमाग गेल्या. स्वर्गात दोघंच उरले.

"दादा, वहिनी घरीपण असं बोलतात?"

"रोज," व्हॅलेरियन म्हणाला. "मी कधी हसलो नाही."

आणि आताही तो हसला नाही.