घरी फक्त इंग्लिश

"‘स्पेशल स्कूलची गरज आहे’ एवढं एक वाक्य लिहा आणि सही करा," प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या. सिल्वासातल्या त्या इंग्लिश मीडियम शाळेत मी स्पीच थेरपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. पहिलीच नोकरी. ज्या मुलीबद्दल लिहायचं होतं, तिला मी अजून पाहिलंही नव्हतं. आधी तपासते, म्हटलं. मॅडमना ते आवडलं नाही.

मुलगी भूमी, पहिलीतली. तक्रार अशी, की शाळेत आल्यापासून ती वर्गात एक शब्द बोललेली नाही. स्पीच थेरपिस्ट म्हणजे बोलायला शिकवणारी बाई, असं लोकांना वाटतं. खरं तर मूल का बोलत नाही हे शोधण्यातच आमचं निम्मं काम असतं. पहिला संशय कानांवर. म्हणून तिला वापीला पाठवून ऑडिओमेट्री करून घेतली. हेडफोन लावून बारीक-मोठे आवाज ऐकवतात, ती तपासणी. कान उत्तम निघाले. मग समज. लाल डबा उचल, त्यात मणी टाक आणि खिडकीत ठेव, असं मी तिला हिंदीत सांगितलं. तिने सगळं नीट केलं. ऐकू येतंय, कळतंय आणि तरी तोंड बंद. मी तिच्या आईला बोलावलं.

सुनंदाताई आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या. माणसं शिरपूरकडची. नवरा जवळच्या सायली गावात सुताच्या कंपनीत, शिफ्ट संपवून घरी आला की झोपायचा. हिंदीत विचारलं तर त्या "हां", "नहीं" एवढंच म्हणत होत्या. मी नाशिकची. मराठीत बोलले तेव्हा जरा सैलावल्या. गावाकडे भूमीचं तोंड क्षणभर बंद नसायचं, अहिराणीत म्हणाल्या. मग इथे येऊन काय झालं?

"मॅडमनी सांगेल शे, घरमा फक्त इंग्लिश बोला. माले इंग्लिश येत नही. मंग मी बोलनंच सोडी दिधं."

मी पुन्हा विचारलं. तेच उत्तर. घरी गावठी भाषा बोललात तर मुलगी मागे पडेल, असं अॅडमिशनच्या वेळी सांगितलं होतं आणि या बाईंनी ते अक्षरशः पाळलं होतं. नवऱ्याने शिकवलेले तीन शब्द त्यांना येत होते. ईट, कम, स्लीप. तेवढ्यावर मायलेकींचं चाललं होतं. मुलगी पडली तरी, तिला ताप आला तरी, रात्री भ्याली तरी. माझं डोकं तापलं. त्या बाईंवर नाही.

मी तशीच मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मूल पहिली भाषा घरात शिकतं आणि दुसरी भाषा तिच्याच आधाराने उभी राहते, हे शांतपणे सांगायचं ठरवलं होतं. शांतपणे काही जमलं नाही. मॅडम म्हणाल्या, आम्ही सगळ्याच पॅरेंट्सना हे सांगतो, बाकीची मुलं बोलतात ना?

"बाकीच्यांच्या आया तुमचं ऐकत नाहीत, म्हणून बोलतात," मी म्हटलं.

"तुम्ही प्रोबेशनवर आहात."

"हो. रिपोर्टमध्ये मात्र मला दिसलं तेच लिहीन. कान चांगले, समज चांगली, आईचं बोलणं शाळेने बंद केलं."

रिपोर्टचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

सुनंदाताईंना लेकीशी पुन्हा बोलायला पटवणं त्याहून अवघड गेलं. पोरीला काढून टाकतील, ही त्यांची भीती. शेवटी मी दोघींना माझ्या खोलीत बसवलं, दार लावलं आणि म्हटलं, इथे बोला, पुढचं मी बघते. त्या खाली मान घालून माहेरच्या शेळीबद्दल सांगू लागल्या. आधी तुटक, मग भडाभडा. डोळ्यांना धार लागली होती. शेळी दावं तोडून पळाली, इथवर आल्या आणि डोळे पुसायला थांबल्या. भूमीने त्यांचा पदर ओढला.

"मंग कोठे गई ती?"

आवाज घोगरा, अडकत आलेला. मला आनंद झाला असं लिहायला हवं. पण त्या क्षणी मला केबिनमध्ये जाऊन काहीतरी फोडावंसं वाटत होतं.

वर्ष संपेपर्यंत भूमी घरी अहिराणी, मैदानावर हिंदी-गुजराती आणि वर्गात मोडकं का होईना, इंग्लिश बोलायला लागली. पॅरेंट्स मीटिंगला मॅडमनी तिला स्टेजवर उभं केलं. तिने नाव, वर्ग, आवडतं फळ सांगितलं. टाळ्या पडल्या. मग मॅडम माइकवरून म्हणाल्या, की घरी फक्त इंग्लिश बोलण्याच्या आमच्या नियमाचा हा रिझल्ट आहे.

मी मागे उभी होते. चालत पुढे गेले आणि माइकशिवायच बोलले. ही मुलगी त्या नियमाने गप्प झाली होती, तिच्या आईने तो मोडला तेव्हा बोलली. तुम्हाला जी भाषा येते ती मुलांशी बोला, पोटभर बोला. मग एका वडिलांनी दबकत विचारलं, "मॅडम, भोजपुरी भी चलेगा?"

चलेगा, मी म्हटलं.

माझं प्रोबेशन वाढलं. नियम काही गेला नाही. सूचनेत आता ‘शक्यतो इंग्लिश’ असं लिहितात. मी अजून तिथेच आहे. न बोलणारं मूल कोणी घेऊन आलं, की मी कान तपासते, समज तपासते आणि मग शाळेने घरच्यांना काय सांगून ठेवलंय ते विचारते. ही तिसरी तपासणी आम्हाला कॉलेजात कुणी शिकवली नव्हती.