आमची साखर आणि मॅडमची गोळी

आमच्या चौघांच्या रक्तात साखर साठायची कमी झाली, पण किस्से साठायचे काही कमी होत नाहीत!

चौघं म्हणजे मी, शाळेत गणित शिकवणारी बाई. भास्करदादा, सायखेड्याचे द्राक्षबागायतदार. शकीलाआपा, जुन्या नाशकात घरी शिवणकाम करतात. आणि शुक्ल गुरुजी, रामकुंडावर यात्रेकरूंच्या पूजा सांगतात. ओळख झाली ती डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यातल्या बाकावर. उपाशीपोटी रक्त द्यायचं, नाश्ता करायचा आणि दोन तासांनी पुन्हा द्यायचं. ते मधले दोन तास माणूस करणार काय? बोलणार!

मॅडमनी पहिल्याच दिवशी चौघांना बजावलं, "खाणं तुमच्या हातात, गोळी माझ्या हातात. अदलाबदल करायची नाही!"

*

अदलाबदल पहिल्यांदा केली भास्करदादांनी. भात सोडला, ज्वारीची भाकरी धरली, रोज बागेला चार फेऱ्या. महिन्याभरात आकडे सुधारले, तर यांनी गोळ्या बंद! कुणाला विचारलं? तर भाचेजावयाला. त्यानं मोबाईलवर काहीतरी पाहिलं होतं.

पंधरा दिवसांनी साखर तीनशेच्या वर. मॅडम चिडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "दादा, बागेवर कुठलं औषध फवारायचं, ते कुणाला विचारता?"

"सल्लागाराला. लय शिकलेला माणूस हाय."

"भाचेजावयाला नाही विचारत?"

"त्याला काय कळतंय बागेतलं!"

मॅडमनी पेन उचललं. दादांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "लिहा गोळ्या."

*

त्याच दादांचा एकदा भर दुपारी फोन. "बाई, मशीनवर आकडाच येईना. इंग्रजीत कायतरी आलंय. एच, आय."

मी ताडकन उठले! साखर मोजता येण्याच्याही पलीकडे गेली, की मशीन 'HI' दाखवतं.

"दादा, काही होतंय का तुम्हाला?"

"कुठं काय! मशीन म्हणतंय 'हाय'. आता डायबेटीस हाय, ते मला बी ठाऊक हाय. आकडा कुठंय? म्हनलं, एक जास्तीची गोळी घेऊन टाकावी."

"थांबा! आहात कुठे?"

"बागेत. द्राक्षाचे मणी चुरगाळून गोडी मोजत होतो. खाल्ला नाय हां एकबी!"

"हात धुतले होते?"

धुतले नव्हतेच. साबणाने हात धुवायला लावले, कोरडे करायला लावले, दुसऱ्या बोटाचं रक्त घ्यायला लावलं. एकशे अठ्ठेचाळीस!

मी ओरडलेच, "आणि ती गोळी घेतली असती म्हणजे?"

"म्हंजे द्राक्षाचा डायबेटीस मी भोगला असता!"

*

दुसऱ्यांवर हसते, तर माझंही सांगते. मी रोजच्या साखरेचा आलेख काढते. आलेखाच्या कागदावर, शिसपेन्सिलीने, टोक काढून! मॅडमना तो फार आवडला. एकदा मात्र त्यांचं बोट मध्येच थांबलं.

"बाई, या रविवारचा ठिपका कुठाय?"

त्या रविवारी बहिणीकडे आमरस होता. दोन वाट्या! "तो दिवस अपवादात्मक होता," मी म्हटलं.

"विद्यार्थ्याने असा नको तो ठिपका गाळला तर किती मार्क देता?"

"...शून्य."

"मग द्या!"

मी तिथेच, त्यांच्या टेबलावर, कागदाच्या कोपऱ्यात स्वतःला लाल शून्य दिलं. त्यानंतर एकही ठिपका गाळलेला नाही. सहा महिन्यांनी त्याच ठिपक्यांवरून मॅडमनी माझं रात्रीचं इन्सुलिन दोन युनिटने कमी केलं. दोनच युनिट! पण दहावीचा निकाल शंभर टक्के लागल्यावरसुद्धा मी एवढी खूश झाले नव्हते.

*

एका रविवारी चौघं मिसळ खायला गेलो. नाशकात राहून मिसळ सोडायची म्हणजे फारच झालं! आपांनी पोऱ्याला नाही, थेट मालकालाच बोलावलं आणि ऑर्डर दिली.

"पाव नको. जिलेबी नको. शेव-फरसाण नावाला. तर्री कमी. मटकी दुप्पट, आणि कांदा, लिंबू."

मालक वहीत लिहिता लिहिता थांबला. आमच्या चौघांच्या तोंडाकडे बघितलं आणि आत वळून ओरडला, "चार पेशंट मिसळ!"

आता आम्ही दारात दिसलो तरी आतून तोच आवाज येतो.

*

शकीलाआपा आमच्यात सगळ्यात पक्क्या. रमजानच्या महिनाभर आधी मॅडमकडे जाऊन बसल्या. मॅडमनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या, एक गोळी कमी केली आणि बजावलं, "सत्तरच्या खाली गेली, की रोजा सोडायचा. त्याच मिनिटाला."

सव्वीस रोजे नीट झाले. सत्ताविसाव्या दिवशी संध्याकाळी हात थरथरायला लागले. मशीनवर चौसष्ट. इफ्तारीला जेमतेम तासभर. जाऊबाई म्हणाल्या, "इतना सब्र किया, थोडा और करो."

आपांनी डोळे पुसले, सरबत घेतलं, खजूर खाल्ला. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली. मग मला फोन. आवाज अजून रडवेलाच.

"बाई, दिल बहुत दुखा. लेकिन काय करू? अल्लाह माफ करेगा, मॅडम नहीं करेंगी!"

राहिलेला रोजा त्यांनी थंडीत पुरा केला. मॅडमना विचारूनच!

*

गुरुजींचं दुखणं वेगळं. त्यांना जेवू घालणं हे लोकांचं पुण्य! खीर, पुरणपोळी, लाडू, आणि वर आग्रह. गुरुजींनी ठरवलं, गोड बंद म्हणजे बंद.

एका श्राद्धाला यजमान हातात खिरीची वाटी घेऊन अडून बसले. "गुरुजी, दोन चमचे तरी! आमचे पितर अतृप्त राहतील!"

गुरुजी हात जोडून म्हणाले, "अहो, तुमचे पितर तृप्त करता करता मीच त्यांच्या पंगतीला जाऊन बसेन!"

चार महिन्यांत गुरुजींचं वजन सात किलोनं उतरलं. साखर उतरली. गोळी मात्र पूर्वीचीच राहिली, कारण मॅडमकडे जायची तारीख गुरुजी दोनदा चुकले. पूजांचा हंगाम होता ना!

*

आणि मग आमच्या शेजारच्या शिंदेवहिनींकडचा सत्यनारायण.

पूजा होईपर्यंत काही खायचं नाही, हा गुरुजींचा नेम. त्या दिवशी सकाळी नेमही पाळला आणि गोळीही घेतली. तिसऱ्या अध्यायात त्यांचा आवाज जड झाला. एकच ओळ त्यांनी तीनदा म्हटली. कपाळावरून घामाच्या धारा, हात लटलट कापायला लागले.

मागून कुणीतरी म्हणालं, "गुरुजींच्या अंगात आलं!"

झालं! बायका हात जोडून उभ्या. शिंदेवहिनींनी तर गुरुजींपुढे लोटांगणच घातलं. "देवा, आमच्या थोरलीचं लग्न कधी व्हायचं?"

गुरुजींची नजर भलतीकडेच. पुटपुटले, "सिन्नर... सिन्नर..."

मी गर्दीतून वाट काढत पुढे घुसले. प्रसादासाठी ठेवलेली साखर तीन चमचे पाण्यात ढवळली आणि पेला त्यांच्या ओठांना लावला. "गुरुजी, गिळा! गिळा म्हणते ना!" बायका माझ्यावर खेकसल्या, "अहो बाई, देवाला असं दटावतात का?" माझ्या पर्समधलं मशीन काढलं. बावन्न! पंधरा मिनिटांनी ऐंशी झाली, तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

गुरुजींनी डोळे नीट उघडले आणि विचारलं, "किती वाजले? मला दुपारी सिन्नरला वास्तुशांतीला जायचंय."

वास्तुशांतीला दुसरे गुरुजी पाठवले. यांना मी रिक्षात घालून थेट मॅडमकडे नेलं. मॅडमनी गोळी अर्धी केली आणि गुरुजींना अर्धा तास झापलं.

अडीच महिन्यांनी शिंदेवहिनी रामकुंडावर पेढ्यांचा पुडा घेऊन हजर. थोरलीचं लग्न ठरलं होतं. मुलगा कारखान्यात इंजिनीअर. गाव सिन्नर!

गुरुजींनी पेढ्याला नमस्कार केला आणि पुडा तसाच परत दिला. वहिनी मात्र जाईनात. पदर सावरला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "गुरुजी, आणखी एकदा अंगात येऊ द्या ना. धाकटीचंही बघायचंय."

गुरुजी म्हणाले, "आता नाही यायचं, वहिनी. मॅडमनी गोळी अर्धी केलीये."