तेरा तारीख घेऊन रुक्मिणीच्या माहेरी

हॉल मिळाला आणि घरात भांडण लागलं. माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या, निखिलच्या रजेत अकोल्यातल्या त्या हॉलची एकच तारीख रिकामी होती: तेरा, तीही शुक्रवारी. ती सोडली तर लग्न थेट पुढच्या वर्षी. हॉलवाल्याला संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

"तेरा?" आईने कप आपटला. "मेलेल्या माणसाच्या तेरवीचा आकडा हाये तो! त्या तारखेले पोरीचं लग्न लावू मी?"

शुक्रवारची भीती मला ऑफिसातल्यांनी घातली होती. तेरा तारखेचा शुक्रवार म्हणजे म्हणे इंग्रजांची अमावस्या! आईला शुक्रवारचं काही नव्हतं, तो देवीचा वार. तिचं वाकडं फक्त तेराशी. शेवटी मावशी म्हणाली, "चाल ताई, रुक्मिणीच्या माहेरी जाऊ. तिलेच इचारू." म्हणजे कौंडण्यपूर. मी लगेच गाडीची किल्ली घेतली, कारण आईचं मन फिरवायला माझ्याकडे एवढा एकच दिवस होता.

तर आई फाटकातच अडली. आम्ही निघालो तिघी, आणि तीन तिगाडा, काम बिगाडा! मावशीने कुंडीतला एक खडा उचलून पर्समध्ये टाकला. "घे, झालो चार." तुम्हीही तिघंच निघणार असाल तर हा उपाय करा, खड्याला वेगळी सीट लागत नाही.

सकाळी लवकर निघालात तर मूर्तिजापूरला गरम कचोरी खाऊन, बडनेऱ्यावरून अमरावतीत आरामात पोचता. अंबादेवीला जाताना गाडी लांबच लावा आणि चालत जा, तिथल्या गल्ल्यांत गाडी घालणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. दर्शनानंतर दह्यात बुडालेला गिला वडा खाल्ला. तिघींचं दोनशेच्या आत भागलं.

रुक्मिणी याच देवळातून कृष्णासोबत गेली असं आमच्याकडे मानतात. वडा खाता खाता मावशीने तोच धागा पकडला. "शिशुपालाच्या लग्नाचा मुहूर्त काढाले किती जोशी बसले असतीन! सगळं जमलं, फक्त नवरीच मांडवात नाई. अन् रुक्मिणीनं काय पायलं? नवरदेव आला, बसली रथात."

"ते देव होते. आपण कोण?" आई म्हणाली.

"मग धनतेरसला सोनं घेताना तुला तेरा आठवत नाही?" मी मध्ये तोंड घातलं. "आणि महादेवाचा प्रदोषही तेरसलाच धरतेस ना?"

"लय शहाणी झाली! मले नको शिकवू."

पुढे कुऱ्ह्यावरून कौंडण्यपूर चाळीसेक किलोमीटर. दोन्हीकडे कापूस आणि तूर. पाणी आणि डबा सोबत न्या, यात्रा नसेल तेव्हा तिथे खायला फारसं मिळत नाही. देऊळ उंचावर, खाली वर्धा नदी. दर्शन घेऊन पायऱ्यांवर बसलो आणि मावशीने अमरावतीत घेतलेला जिलबीचा पुडा उघडला. आईने हात मागे घेतला.

"तुया बाबाच्या तेरवीले जिलबी होती," ती एकदम म्हणाली. "इतके दिवस घास उतरत नव्हता. त्या दिवशी भूक लागली मले. मांगून मांगून खाल्ली. मंग मलेच लाज वाटली, माणूस गेला अन् मी जिलबी खाऊन राहिली! तवापासून तो आकडाच नको वाटते."

बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती आणि हे तिने एकटीने गिळलं होतं.

मावशी मात्र चिडलीच. "काय वं ताई! तेरवी असते कायले मंग? सुतक सुटते त्या दिवशी. गोड कोणासाठी करतात? जे मांगं राहिले त्यायच्यासाठी. का बाई, रडून झालं, आता जेव. अन् त्या दिवसाले तू वाईट म्हणते?"

आई पदर तोंडाला लावून खूप रडली. मग नाक पुसलं, एक जिलबी उचलली आणि म्हणाली, "त्या हॉलवाल्याले फोन लाव. मी बोलते."

दिवेलागणीला अकोल्यात परत आलो. तेरा हा आकडा शुभ की अशुभ, हे मला अजूनही सांगता येणार नाही. पण मोडलेलं घर ज्या दिवशी पुन्हा जेवायला बसतं, त्या दिवसाचा तो आकडा आहे, एवढं मात्र मनात पक्कं बसलंय.

लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी लाईन गेली. अंधारात मागून कोणीतरी पुटपुटलं, "तेरा तारीख हो, दुसरं काय!"

आईचा आवाज अख्ख्या हॉलभर गेला, "लाईनच गेली नं? नवरदेव तं जाग्यावर हाये!"