करंजाच्या तेलातलं खोबरेल

आर्या, नील — ही गोष्ट मी तुमच्या आजोबांनासुद्धा कधी सांगितली नाही. आणि त्यांना तर मी भाजीवालीशी झालेली भांडणंही सांगायचे.

तुम्ही व्हिडिओ कॉलवर जेवायला बसलात की मी विचारते, "हात धुतले का?" तुम्ही हसता. हसा. पण मी का विचारते — ते आज लिहिते.

अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत मी आणि सुलभा बियांचं तेल तपासणीसाठी तयार करायचो. बिया कुटायच्या, द्रावकात तेल उतरवायचं, द्रावक उडवून टाकायचा, उरलेल्या तेलावर प्रक्रिया करून ते यंत्रासाठी द्यायचं. कोणतं मेदाम्ल किती, ते यंत्र कागदावर टोकं काढून सांगतं. भारी चोंबडं यंत्र — तेलकट बोट लागलं तरी चुगली करतं. म्हणून भिंतीवर पाटी होती: "हात धुवा, केस बांधा." अक्षर माझं.

एकदा आम्ही दोघींनी केलेल्या करंजाच्या तेलात भलतंच टोक आलं. साहेब कागद फडकवत आले, "करंजात खोबरेल कुठून आलं?"

सगळ्यांनी सुलभाकडे पाहिलं. ती मालवणची, डब्यात खोबरं नाही असा दिवस नसे.

"हात धुतले होते हो सर!"

"मग नारळ काय चालत आला?"

आणि मी? माझा हात — लिहूनच टाकते — माझा हात वेणीकडे गेला. सकाळीच चोपडून खोबरेल लावलं होतं. काम करताना बट कानामागे सारायची माझी सवय. तेव्हाच कळलं. बोलले का? नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सुलभाला लांब बसवलं आणि तोच नमुना मला पुन्हा करायला दिला. मी न्हाऊन आले होते, घट्ट अंबाडा, हात कोपरापर्यंत तीनदा साबणाने — टोक गायब! झालं, पुरावाच मिळाला. यंत्रावर बसायची पाळी सुलभाची होती, किती दिवस वाट पाहत होती ती. ती पाळी मला मिळाली. सुलभा वर्षभर काचेची भांडी घासत राहिली.

आता ती बोरिवलीला आमच्याच सोसायटीत, पलीकडच्या विंगमध्ये राहते. दर मे महिन्यात गावाहून घाण्याचं खोबरेल आणते. बाटली हातात देत म्हणते, "घे गं. तुझ्यासारखी स्वच्छ बाई मी बघितली नाही."

मी घेते. आज सकाळी तेच केसांना लावलं, हात धुतले, आणि हे लिहायला बसले.