कारंज्याजवळचा चौथा सैनिक

उज्ज्वल गजभिये मूळचा नागपूरचा, जर्मनीत वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. स्वभावाने इतका गरीब की डासालासुद्धा खिडकी उघडून वाट दाखवायचा. असा हा माणूस २०१५ साली अमेरिकन पायदळात लढताना मारला गेला.

झालं असं. तो राहायचा त्या खेड्यात युद्धकाळातला एक फोटो जपलेला होता. कारंज्यापाशी पाव खात उभे असलेले चार अमेरिकन सैनिक, १९४५. सत्तर वर्षं झाली म्हणून गावच्या इतिहास मंडळाने तोच फोटो पुन्हा काढायचं ठरवलं. तिघे गावकरी मिळाले. चौथ्यासाठी अध्यक्षा क्रेमरबाई उज्ज्वलच्या दारात हजर.

"तुमचं इंग्लिश उत्तम आहे."

"पण फोटोत बोलायचंय कुठं?"

"गेनाऊ, अगदी बरोबर! तरी चेहऱ्यावर दिसतं."

नाही म्हणणं उज्ज्वलला जमत नसे. हेल्मेट घालून तो उभा राहिला. फोटो कृष्णधवल काढला आणि म्युझियममध्ये लावताना दोन्ही फोटोंच्या पाट्यांची अदलाबदल झाली. उज्ज्वलच्या फोटोखाली आलं, 'डावीकडून चौथा : नाव अज्ञात. दहा दिवसांनी लढाईत ठार.'

तो बायकोमुलीला घेऊन तक्रार करायला गेला. क्रेमरबाईंनी फॉर्म काढला.

"पाटी बदलायला फोटोतल्या माणसाची सही लागते."

"तो मीच."

"आल्झो, म्हणजे असं की, पाटीनुसार तुम्ही हयात नाही. वारसाची सही चालेल."

सात वर्षांच्या उर्जाने जांभळ्या स्केचपेनने सही केली. बायको धम्मदीपा वैतागली, "अरे, जिवंतपणी वारस कसला लावतोस?"

"पाटी तर बदलेल!"

बदलली. 'नाव अज्ञात'च्या जागी 'उज्ज्वल गजभिये, नागपूर' आलं. मरण तसंच राहिलं.

नोव्हेंबरात त्याच्या स्मरणार्थ पुष्पचक्र वाहायचं ठरलं, घरच्यांना रीतसर निमंत्रण आलं. उज्ज्वलही गेला. बँड वाजला. क्रेमरबाईंनी त्याचाच हात हातात घेऊन सांत्वन केलं.

तेवढ्यात त्याचं लक्ष शेजारच्या, खऱ्या फोटोकडे गेलं. खाली पाटी : 'मंडळाचे सभासद, २०१५'. त्यातला चौथा जेमतेम एकोणीस वर्षांचा, गालात पाव कोंबलेला, फोटोबाहेरच्या कुणाकडे तरी बघून हसत होता. त्याच्या जागी उभं राहूनही उज्ज्वलने त्याला कधी नीट पाहिलं नव्हतं.

त्याने पुष्पचक्र उचललं आणि त्या पोराच्या फोटोखाली ठेवलं.

"गजभियेसाहेब," क्रेमरबाई कुजबुजल्या, "ते आमचे सभासद आहेत. सगळे ठणठणीत आहेत!"

"या, या," उज्ज्वल त्यांच्याच जर्मनमध्ये 'हो, हो' म्हणाला, आणि हात जोडून तिथेच उभा राहिला.